वेल्सचा जिना आणि प्लॅटिनमचा करडा रंग

ब्रिस्टलहून दक्षिणेला बसने तासाभराच्या अंतरावर वेल्स नावाचे गाव आहे. तिथे कॅथीड्रल असल्यामुळे कागदोपत्री ते शहर ठरते, पण आकाराने ते आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान आहे. त्या कॅथीड्रलमध्ये उत्तरेच्या बाजूला एक दगडी जिना आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात तो बांधला गेला आणि धर्मगुरूंच्या बैठकीच्या अष्टकोनी दालनाकडे, म्हणजे चॅप्टर हाउसकडे, तो जातो. वर चढताना अर्ध्या वाटेवर पायऱ्या उजवीकडे वळून त्या दालनाच्या दारात शिरतात. उरलेला जिना मात्र सरळ वर जातो आणि पंधराव्या शतकात बांधलेल्या एका पुलावरून धर्मगायकांच्या वस्तीकडे निघतो. साडेसातशे वर्षांच्या पावलांनी या पायऱ्या झिजल्या आहेत, आणि झीज सगळीकडे सारखी नसल्यामुळे पायऱ्यांच्या कडा सरळ रेषेत न राहता खालीवर हेलावल्यासारख्या दिसतात.

मी या जिन्यावर तीनदा गेले आहे. पहिल्या दोन खेपांना पाहुण्यांना घेऊन गेले होते, आणि खरे सांगायचे तर त्या वेळी माझे लक्ष जिन्यापेक्षा मुख्य सभागृहातल्या, एकावर एक उलट्या ठेवल्यासारख्या दिसणाऱ्या प्रचंड कमानींकडे जास्त होते. तिसऱ्या खेपेला मी फक्त जिन्यासाठी गेले, कारण मधल्या काळात लंडनमधल्या एका संग्रहालयाच्या अभ्यासिकेत फ्रेडरिक इव्हान्स यांनी १९०३ साली टिपलेले त्याच जिन्याचे छायाचित्र मी हातभर अंतरावरून पाहिले होते. ‘पायऱ्यांचा समुद्र’ या अर्थाचे नाव त्यांनी त्याला दिले होते. छापील पुस्तकांत आणि पडद्यावर ते मी अनेकदा पाहिले होते आणि दरवेळी ते मला चांगले, पण थोडे नाटकी वाटले होते. मूळ प्रत, म्हणजे कागदावर प्लॅटिनम धातूने उमटवलेले चित्र, पाहिल्यावर माझे मत बदलले. का बदलले, ते सांगण्यासाठी हा लेख आहे.

प्रत लहान आहे, सुमारे २३ बाय १९ सेंटीमीटर, म्हणजे शाळेच्या वहीच्या पानापेक्षा थोडी मोठी. तळापासून जवळजवळ मध्यापर्यंत पायऱ्याच पायऱ्या आहेत. उजवीकडे त्यांची एक मोठी वळणदार लाट उसळते, आणि वर दूरच्या कमानीखालच्या पायऱ्या तिच्यापुढे किनाऱ्याजवळच्या लहान लाटांसारख्या दिसतात. इव्हान्स यांनी स्वतः या वळणाला फुटण्याच्या बेतात असलेल्या मोठ्या लाटेची उपमा दिली होती. छापील चित्रात मला खटकत होते ते हेच: उपमा आधी ठरली आणि पायऱ्यांना तिच्यात बसवले, असे वाटत असे. मूळ प्रतीत मात्र नजर पहिल्यांदा लाटेवर जातच नाही. ती जाते दगडावर. प्रत्येक पायरीच्या मधोमध पावलांनी पडलेला खळगा, त्याच्या कडेची उजळ पट्टी, खालच्या पायरीवर पडलेली तिची सावली आणि त्या सावलीच्याही आत दिसणारा दगडाचा पोत, एवढे सगळे करड्या रंगाच्या इतक्या छटांमध्ये उलगडते की समुद्र आठवायला थोडा वेळ लागतो.

या छटा प्लॅटिनमच्या आहेत. विल्यम विलिस या इंग्रज संशोधकाने १८७३ साली या पद्धतीचे पेटंट घेतले, पुढे तीत सुधारणा केल्या, आणि त्यातून निघालेल्या कंपनीने तयार कागद विकायला सुरुवात केली. पद्धतीचे मर्म थोडक्यात असे आहे. कागदावर प्लॅटिनमचा एक क्षार आणि फेरिक ऑक्झॅलेट हा लोखंडाचा क्षार यांचे मिश्रण लावून तो अंधारात वाळवतात. त्यावर निगेटिव्ह ठेवून उन्हात धरले की जिथे उजेड पोहोचतो तिथला लोहक्षार बदलतो आणि पुसटसे चित्र दिसू लागते. मग कागद पोटॅशियम ऑक्झॅलेटच्या द्रावणात घातला की बदललेला लोहक्षार विरघळता विरघळता शेजारच्या प्लॅटिनमच्या क्षारातून शुद्ध धातू मोकळा करतो. शेवटी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाच्या पाण्यात दोन-तीनदा बुडवून उरलेले लोखंड काढून टाकतात आणि प्रत स्वच्छ पाण्यात धुतात. लोखंडाचे काम तेवढेच. कागदावर राहते ते फक्त प्लॅटिनम, बारीक काळ्या कणांच्या रूपात.

इमारतींच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की ते कण कागदाच्या तंतूंमध्येच बसतात. त्या आधीच्या अल्ब्युमेन पद्धतीत अंड्यातल्या पांढऱ्या बलकाचा थर कागदावर देत आणि चित्र त्या थरात उमटत असे. अशा प्रती चकचकीत, तपकिरी-जांभळट आणि तपशिलाला धारदार असत. एकोणिसाव्या शतकात प्राचीन वास्तूंच्या नोंदीचे बहुतेक काम याच कागदावर झाले. आपल्याजवळच्या विजापूरच्या वास्तूंवर १८६६ साली निघालेल्या भल्यामोठ्या ग्रंथातली छायाचित्रेही अल्ब्युमेनचीच आहेत. त्या प्रती मला मनापासून आवडतात, गोल घुमटाचे मोजमाप करायला बसलो तर त्यांच्याइतके उपयोगी दुसरे काही नाही. परंतु त्या चकाकीमुळे नजर आणि दगड यांच्यामध्ये एक काच उभी राहते. प्लॅटिनमच्या प्रतीला चकाकी नाही. कागद कागदासारखाच दिसतो, आणि त्यावरची सावली एखाद्या भिंतीवर पडावी तशी त्यावर पडल्यासारखी वाटते. शिवाय उजळ भागापासून गडद भागापर्यंत जाताना ही पद्धत घाई करत नाही, मधल्या करड्या रंगाला ती भरपूर जागा देते. गॉथिक कॅथीड्रलचा आतला भाग बहुतांशी हाच मधला करडा रंग असतो: उंच खिडक्यांतून आलेला उजेड खांबाखांबांवर आपटत, मंदावत खाली उतरतो, आणि जमिनीजवळ ना पुरता प्रकाश असतो ना पुरता अंधार.

इव्हान्स या कामाकडे वळणापूर्वी पुस्तकविक्रेते होते. १८५३ साली लंडनमध्ये त्यांचा जन्म झाला. चीपसाइड भागात त्यांचे भागीदारीतले दुकान होते, आणि तिथे येणाऱ्यांत बर्नार्ड शॉ होते, तसाच ऑब्रे बियर्ड्स्ली नावाचा विमा कचेरीतला एक तरुण कारकूनही होता. आर्थर राजाच्या मध्ययुगीन कथांची सचित्र आवृत्ती काढू पाहणाऱ्या प्रकाशकाकडे बियर्ड्स्लीची शिफारस इव्हान्स यांनीच केली. त्याचे त्यांनी काढलेले व्यक्तिचित्र प्रसिद्ध आहे: लांब बोटांच्या तळव्यांत चेहरा धरून बसलेला कृश तरुण, अगदी पॅरिसच्या कॅथीड्रलवर कठड्याला रेलून बसलेल्या दगडी राक्षसासारखा. इमारतींच्या आधी त्यांनी सूक्ष्मदर्शकातून शंखशिंपल्यांची छायाचित्रे घेतली होती आणि १८८७ साली त्यांना त्यासाठी पदकही मिळाले होते. लिंकन कॅथीड्रलच्या बुरुजातल्या गोल जिन्याचे त्यांचे छायाचित्र पाहिले की शंखाच्या पोटात पाहण्याची ही सवय मला हटकून आठवते. १८९८ साली त्यांनी दुकान सोडले आणि पूर्ण वेळ छायाचित्रणाला दिला. १९०० साली रॉयल फोटोग्राफिक सोसायटीने त्यांचे एकट्याचे प्रदर्शन भरवले. ऑक्टोबर १९०३ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘कॅमेरा वर्क’ या त्रैमासिकाने आपला चौथा अंक मुख्यतः त्यांच्या कामासाठी दिला, आणि त्यात त्यांच्यावरचा लेख शॉ यांनी लिहिला.

तो काळ छायाचित्रकारांमधल्या एका मोठ्या भांडणाचा होता. छायाचित्र ही कला आहे हे सिद्ध करण्यासाठी अनेक जण निगेटिव्हवर खरवडत, गम बायक्रोमेटसारख्या पद्धतींत रंग ब्रशने कमीजास्त करत आणि प्रत कोळशाच्या चित्रासारखी दिसली की समाधान मानत. इव्हान्स त्याच मंडळींच्या लिंक्ड रिंग या संघटनेचे सभासद होते, तिच्या प्रदर्शनांची मांडणीही ते करत, पण स्वतः मात्र निगेटिव्हला हात लावायचा नाही आणि प्रतीलाही नाही, या मतावर ते ठाम राहिले. साध्या निगेटिव्हवरून काढलेली साधी प्रत, एवढाच त्यांचा आग्रह होता. म्हणजे जे करायचे ते सगळे कॅमेऱ्याचे झाकण उघडण्यापूर्वी करायचे. ते एकेका कॅथीड्रलमध्ये दिवसेंदिवस राहत, कोणत्या तासाला कोणत्या खांबावर उजेड येतो ते पाहत, भिंगाचे छिद्र अगदी लहान ठेवून दीर्घ काळ उजेड घेत. सावलीत तपशील येईल इतका वेळ दिला पाहिजे, हे त्यांचे पहिले सूत्र होते. इतरांनाही ते सांगत की इमारतीचा नकाशा टिपू नका, तिने तुमच्या मनात जे जागवले त्याची नोंद करा, आणि ते जागे होईपर्यंत थांबा.

इथे मला त्यांच्याशी थोडे भांडायचे आहे. साध्या प्रतीचा एवढा आग्रह धरणारे हे गृहस्थ छायाचित्र घेण्यापूर्वी सभागृहातल्या खुर्च्या आणि बाके हलवण्यासाठी कॅथीड्रलच्या अधिकाऱ्यांना गळ घालत. त्यांच्या चित्रांतली जमीन मोकळी दिसते ती यामुळे. निगेटिव्हवरची खुर्ची खरवडून काढणे हा खोटेपणा, आणि जमिनीवरची खुर्ची उचलून बाहेर ठेवणे हा प्रामाणिकपणा, असा हा हिशेब आहे. बराच काळ मला तो सोयीचा वाटत असे. आता तसे वाटत नाही, कारण खुर्ची हलवल्यावर तिच्या जागी जो उजेड येतो तो खरा असतो. फरशीवर खांबाची सावली कशी पडते हे खुर्ची असताना कोणालाच ठाऊक नसते. खरवडणाऱ्याला ती मनाने काढावी लागली असती. तरीही एक गोष्ट खरी की इव्हान्स यांनी दाखवलेले मध्ययुग हे बऱ्याच अंशी एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी हवेसे वाटणारे मध्ययुग आहे. त्यात गर्दी नाही, मेणबत्त्यांचा धूर नाही, भिंतींवरचे भडक रंगही नाहीत. ते रंग एके काळी तिथे होते. धर्मसुधारणेच्या काळात आणि नंतरच्या चुनाकामात त्यांतले बरेचसे गेले. उघडा करडा दगड मूळच्या बांधणाऱ्यांनी या रूपात पाहिलाच नव्हता. प्लॅटिनमला तो शोभतो, हा काळाने जुळवून आणलेला योग आहे.

ईली कॅथीड्रलमध्ये हा योग सर्वात चांगला जुळला असे माझे मत आहे, वेल्सच्या जिन्यापेक्षाही. तिथला मधला मनोरा १३२२ साली कोसळला आणि त्याच्या जागी अष्टकोनी मोकळी जागा ठेवून वर लाकडी कंदिलासारखे छत उभारले गेले. त्या अष्टकोनातला उजेड शेजारच्या काळोख्या पडवीत कसा सांडतो, याची इव्हान्स यांनी पुन्हा पुन्हा छायाचित्रे घेतली. त्यांत छत किंवा तो प्रसिद्ध कंदील दिसतच नाही, दिसतात नॉर्मन काळातले जाडजूड खांब आणि त्यांच्या आडून येणारा उजेड. आपण ज्या जागेत उभे आहोत तिच्यापेक्षा पलीकडची जागा मोठी आहे, हे केवळ खांबाच्या एका बाजूच्या उजळपणावरून कळते. मला हे वेरूळच्या लेण्यांत शिरल्यावर होते तसे वाटते, पण तिथे उजेड पाठीमागून येतो आणि इथे पुढून, त्यामुळे पावले नेमकी उलट दिशेने ओढली जातात. यॉर्कच्या छायाचित्रात एका थडग्यावरच्या आडव्या मूर्तीवर वरून प्रकाश आला आहे, आणि त्याला त्यांनी अंत्यसंस्काराच्या प्रार्थनेतले, पुनरुत्थानाच्या निश्चित आशेविषयीचे शब्द शीर्षक म्हणून दिले आहेत. ते मला जरा जास्तच झाले असे वाटते. याउलट इंग्रज कवी आणि कारागीर विल्यम मॉरिस यांच्या निमंत्रणावरून त्यांच्या केल्मस्कॉट गावातल्या घरी १८९६ साली घेतलेले माळ्याचे छायाचित्र पाहा: तिथे ना थडगे, ना देव, फक्त ओबडधोबड तासलेली लाकडी तुळवटे आणि खिडकीतून आलेला उजेड. घरही मध्ययुगीन नाही, सोळाव्या शतकाच्या अखेरचे आहे. पण सुतारकाम त्याच परंपरेतले, आणि चित्रही माझ्या लेखी त्यांच्या पहिल्या तिनांतले.

प्रत तयार झाली की काम संपत नसे. फिकट करडे, मातकट, पिवळसर असे वेगवेगळ्या छटांचे पातळ कागद एकाखाली एक चिकटवून आणि भोवती बारीक रेघा आखून ते प्रतीला चौकट करत. अभ्यासिकेत पाहिलेल्या प्रतीवर संरक्षणासाठी ठेवलेला पातळ कागद उचलल्यावर त्याच्या आतल्या बाजूला जिन्याची पुसट तपकिरी आकृती दिसली. मला आधी वाटले की कुणी तरी गिरवले आहे. तिथल्या बाईंनी समजावले की प्लॅटिनम स्वतः गंजत नाही, फिकट होत नाही, पण शेजारच्या कागदातल्या रासायनिक क्रियांना ते वेग देते. त्यामुळे वर्षानुवर्षे त्याला टेकून राहिलेला कागद नेमका चित्राच्या आकारात पिवळा पडतो. गडद भागापाशी जास्त, उजळ भागापाशी कमी.

गेल्या वर्षी सुट्टीत नाशिकला गेले असताना मी स्वतः ही पद्धत करून पाहिली. सिन्नरचे गोंदेश्वराचे मंदिर आमच्या घरापासून जवळ, आणि यादवकाळातले असल्यामुळे मध्ययुगीन या शब्दात ते व्यवस्थित बसते. मूळ छायाचित्र अर्थातच डिजिटल होते. त्याची निगेटिव्ह पारदर्शक फिल्मवर छापून घेतली, कारण हा कागद अतिनील किरणांनाच दाद देतो आणि मोठे करण्याच्या यंत्राखाली त्याचा उपयोग नाही. प्रत जेवढी हवी तेवढीच निगेटिव्ह लागते. रसायने थेंब मोजून वापरायची, प्रत्येक थेंबाचा हिशेब सोनाराच्या दुकानासारखा. मे महिन्यातले ऊन इतके कडक की चार मिनिटांतच काम झाले असे वाटले, परंतु हवा कोरडी असल्यामुळे कागदही कोरडा पडला होता आणि पहिल्या दोन प्रती रवाळ, निस्तेज निघाल्या. तिसऱ्या वेळी कागद ओल्या फडक्यावरच्या हवेत थोडा वेळ ठेवला. द्रावण ओतताक्षणी मंदिर एकदम उभे राहिले. त्या क्षणाचे वर्णन मी टाळते. मुंबईच्या माझ्या भावाने जुलैत हाच प्रयोग केला तर त्याला उलटी अडचण आली, कागद ओल धरून बसला आणि पांढरे भाग मळकट झाले. विलिस यांच्या काळात तयार कागद बंद डब्यात, ओल शोषणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडसह विकला जाई, ते उगीच नव्हे.

सिन्नरची प्रत फारशी साधली नाही, आणि कारण माझा नवखेपणा एवढेच नव्हते. वेल्सचा चुनखडक फिकट आहे, तो उजेड परत फेकतो. आपला काळा पाषाण उजेड गिळतो, आणि सभामंडपातून गर्भगृहाकडे पाहताना जो अंधार लागतो तो खरोखरचा काळा असतो. प्लॅटिनमचा सर्वात गडद काळाही चकचकीत चांदीच्या कागदावरच्या काळ्याइतका खोल जात नाही. मधल्या छटांत जो गुण आहे त्याची किंमत तिथे मोजावी लागते. बाहेरच्या भिंतीवरचे, तिरप्या उन्हातले कोरीवकाम मात्र सुरेख आले. इव्हान्स सिन्नरला आले असते तर गाभाऱ्याच्या दारात उभे न राहता सकाळी सातला मंदिराच्या मागच्या बाजूला गेले असते, असा माझा अंदाज आहे.

धातू महाग होताच ही पद्धत कोलमडली. त्या काळी जगाचे बहुतेक प्लॅटिनम रशियातल्या उरल पर्वतातून येत असे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासूनच त्याचा भाव चढत होता. पहिले महायुद्ध सुरू झाल्यावर स्फोटकांसाठी लागणारी आम्ले बनवण्यात उत्प्रेरक म्हणून त्याला मागणी आली आणि पुरवठा आटला. विलिस यांच्या कंपनीने आधी चांदी आणि प्लॅटिनम मिसळलेला कागद आणला, मग १९१६ च्या सुमारास पॅलेडियमचा. इव्हान्स तोवर साठीच्या पुढे गेले होते. मधल्या वर्षांत त्यांनी ‘कंट्री लाइफ’ या नियतकालिकासाठी फ्रान्समधल्या आणि ब्रिटनमधल्या जुन्या वास्तूंचे काम केले होते, १९११ साली वेस्टमिन्स्टर ॲबीचे केले होते, आणि ब्लेक व होल्बाइन या जुन्या चित्रकारांच्या लहान लाकूडठशांच्या मोठ्या केलेल्या प्रती खासगी आवृत्त्यांसाठी प्लॅटिनमवरच काढल्या होत्या. चांदीच्या कागदावर त्यांनी काही काळ प्रयत्न केला, पण तो त्यांना पटला नाही. दुसऱ्या कुणाला कागद बदलणे म्हणजे दुकान बदलण्याइतके सोपे वाटले असते. ज्या माणसाने प्रतीवर काहीही करायचे नाही असे ठरवले होते, त्याच्यासाठी मात्र सगळी भिस्त कागदावरच होती, आणि तो गेल्यावर करण्यासारखे फारसे उरले नाही. त्यांनी छायाचित्रण सोडले. पियानोला या यांत्रिक पियानोचा त्यांना जुना नाद होता, तो राहिला. १९४३ च्या जूनमध्ये, नव्वदाव्या वाढदिवसाला दोन दिवस उरले असताना, लंडनमध्ये त्यांचे निधन झाले.